नव्या गाडीला घाई नको!

बालमित्रांनो, मागच्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र घेऊन माझ्याकडे आला. निळी, बुटकी, रुंद चाकांची स्पोर्ट्स कार!

"बाई, मी मोठेपणी हीच घेणार. आणि पहिल्याच दिवशी सुसाट सोडणार!"

मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी? अरे, ही गाडी बनवणारेच सांगतात, की आधी दोन हजार किलोमीटर दमानं घ्या."

त्याचा चेहरा उतरला. "मग एवढी पळणारी गाडी घ्यायची तरी कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आज त्याचंच उत्तर पाहू.

चित्रातली गाडी होती जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू कंपनीची एम-थ्री. २००० ते २००६ या काळात निघालेलं तिचं मॉडेल फार गाजलं. इंजिन ३.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं. मिनिटाला ८,००० फेरे घ्यायची त्याची ताकद. पण गाडीबरोबरच्या माहितीपुस्तकात नव्या मालकाला बजावलेलं असे: पहिले २,००० किलोमीटर फेरे ५,५०० च्या वर नेऊ नका, वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. १७० म्हणजे हळू कसं, असं तुम्ही विचाराल. जर्मनीतल्या महामार्गांवर काही ठिकाणी वेगाला मर्यादाच नाही, म्हणून हा आकडा. आपल्याकडे तो कायद्यात बसत नाही, बरं का!

हे पथ्य कशासाठी? त्यासाठी आधी आजीच्या पाट्याकडे जाऊ. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात. बारीक खाचा पडल्या की वाटण छान वाटलं जातं. इंजिनाच्या सिलिंडरचंही असंच आहे. त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. सिलिंडरची आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत ठेवत नाहीत. यंत्रानं तिच्यावर मुद्दाम अतिशय बारीक, तिरक्या रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतं.

पिस्टनला धातूच्या कड्या असतात. त्यांना रिंगा म्हणतात. नव्या इंजिनात रिंगा आणि भिंत यांची अजून ओळख झालेली नसते. थोडं घासून, थोडं झिजून त्या एकमेकींना जुळतात. जुळणी नीट झाली की जळणाऱ्या वायूचा जोर वाया जात नाही आणि इंजिन तेलही कमी पितं. म्हणून सुरुवातीला इंजिन ताणायचं नाही. आणि तासन्‌तास एकाच वेगातही चालवायचं नाही. वेग थोडा कमी, थोडा जास्त होत राहिला पाहिजे.

आता पुन्हा पाट्याकडे. टाकी लावलेल्या पाट्यावर आजी लगेच चटणी वाटत नाही. आधी थोडे भिजवलेले तांदूळ वाटते आणि टाकून देते, कारण त्यात दगडाची कच आलेली असते. नव्या इंजिनातही धातूची बारीक भुकटी तेलात उतरते. म्हणूनच त्या एम-थ्रीचं तेल पहिल्या २,००० किलोमीटरला बदलायचं असे. आजीची अक्कल आणि जर्मन इंजिनिअरची अक्कल एकच निघाली की नाही?

पूर्वी इंग्लंडमध्ये नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावत. म्हणजे, 'गाडी नवी आहे, तुम्ही पुढे जा.' आता कारखान्यात सुटे भाग फार अचूक बनतात, त्यामुळे तेवढं जपावं लागत नाही. पण पथ्य संपलेलं नाही. इंजिनापेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: टायर आणि ब्रेक. साच्यातून निघालेला नवा टायर वरून गुळगुळीत असतो. त्याची पकड पूर्ण बसायला त्या माहितीपुस्तकात ३०० किलोमीटर सांगितले होते आणि ब्रेकला ५००.

हे मला पुस्तकाआधी रस्त्यानं शिकवलं. २०१४ साली मी हप्त्यांवर स्कूटर घेतली. देणाऱ्यानं सांगितलं होतं, "ताई, पहिले काही दिवस जपून. टायर नवे आहेत." मी मान डोलावली आणि विसरले. चौथ्या दिवशी धाकट्या भावाला मागे बसवून निघाले. पावसाची सर नुकतीच पडून गेली होती. वळणावर मी वेग कमी केला नाही. मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर! हेल्मेट होतं म्हणून माझं खरचटण्यावर निभावलं. भावाचा मात्र उजवा हात मोडला. दीड महिना प्लास्टर. त्या वर्षी तो शाळेच्या कबड्डी संघात निवडला गेला होता. सामने त्यानं कडेला बसून पाहिले. तो मला एक शब्दही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही.

पालकांनाही दोन शब्द. घरी नवी गाडी आली की पूजेआधी तिचं माहितीपुस्तक उघडा. पहिली सर्व्हिसिंग टाळू नका. टायरमधली हवा तपासत जा. आणि नव्या टायरवर, ओल्या रस्त्यावर मुलांना घेऊन घाई करू नका. विजेवरच्या गाडीत इंजिनाचं तेल नसतं, पण टायर आणि ब्रेक तिलाही असतातच.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. विटेचे दोन लहान तुकडे घ्या. पाण्याचे थेंब टाकत पाच मिनिटं एकमेकांवर हलक्या हातानं घासा. दोन्ही तुकडे कसे जुळून येतात ते बघा, आणि पाण्याचा रंगही बघा. गाडीचं पहिलं तेल का बदलायचं ते न सांगता कळेल. नंतर हात स्वच्छ धुवा हं!

आणि आमचा तो मुलगा? दुसऱ्या दिवशी त्यानं चित्र पुन्हा आणून दाखवलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आधी २,००० किलोमीटर हळू. मग बघू.'