कागद हातात द्या

कचेरीच्या खिडकीपाशी एक म्हातारी उभी होती. कळंब तालुक्यातून सकाळच्या एस.टी.ने आलेली. आतल्या कारकुनाने अर्ज चाळला आणि 'सही नाही' म्हणून बाहेर भिरकावला. कागद खाली पडला. म्हातारी वाकून उचलू लागली.

तो कारकून आपल्यातलाच, शिकलेला तरुण. भेटला की कडक जयभीम घालणारा.

१९१७ साली बाबासाहेब अमेरिकेत व लंडनला शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबून फाईली फेकीत. कचेरीत प्यायला पाणीही मिळत नसे. फेकलेल्या कागदाचा अर्थ आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

म्हणून बंधू-भगिनींनो, खुर्चीवर बसलो की एवढे पाळू या. कागद हातात द्यावा. समोरच्याकडे पाहून बोलावे. शिपाई असो की साहेब, 'अहो' म्हणावे. नुसते 'उद्या या' न म्हणता काय राहिले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. अर्जाची पोच द्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातील सेवांसाठी ती द्यावीच लागते. आपली चूक झाली तर 'माफ करा' म्हणावे. त्याने पद लहान होत नाही.

दुपारी डबा खाताना त्या तरुणाला मी बडोद्याची गोष्ट सांगू लागलो. तो म्हणाला, "दादा, मला ठाऊक आहे ती."

मी म्हणालो, "ठाऊक आहे ना? मग कागद हातात देत जा."