नावातच नास

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात मेढ्याला वळीव कोसळला, रात्रभर विजा कडाडल्या आणि सकाळी बाबांचा फोन, "अरे, तुझा तो डबा पेटत नाही."

डबा म्हणजे मी हौसेनं बसवलेला नास. (नावातच नास, दुसरं काय होणार!) आत दोन डिस्क, रेड १ मध्ये. एकीवर जे लिहाल तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहे, असं घरच्यांना छाती फुगवून सांगितलं होतं. दोन्ही गेल्या. एकाच डब्यात, एकाच पॉवर सप्लायवर होत्या, आणि भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नावालाच. चार वर्षं इंजिनियरिंग करून हे सुचलं नाही.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे ऑफिसात ज्युनियर पोरांना मीच ऐकवतो. एक डिस्क बिघडली तरी मशीन चालू राहावं, एवढंच रेडचं काम. चुकून फोल्डर उडवलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. वीज, चोरी, व्हायरस यांच्यापुढे तर आनंदच.

सिनेमे-गाणी गेली, त्याचं काही नाही. पण त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तिच्या शेवटच्या दिवाळीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या, चाळीसेक मिनिटं. मोबाइल बदलताना "नासवर आहेच की" म्हणून मूळ फाइल मीच पुसली. डेटा रिकव्हरीवाल्यानंही हात टेकले.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या गोदामाला आग लागली होती. नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही. प्रभातच्या काळातला अमूल्य ठेवा त्यात गेला. तरी 'संत तुकाराम' (१९३६) आपण आजही बघतो, कारण त्याच्या प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या. गोदाम कितीही भक्कम बांधा, ते एकच असतं राव.

आमच्या क्षेत्रात ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. मला यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपण नेमका तोच टाळतो. पुण्यात फ्लॅट आणि गावाला घर असणाऱ्यांना तर तो फुकटात जमतो! मी आता दोन साध्या एक्स्टर्नल डिस्क घेतल्यात. एक मेढ्याला, आईच्या कपाटात साड्यांखाली, वायर काढून. दुसरी पुण्यात. गणपतीला आणि दिवाळीला अदलाबदल. क्लाउड आहे, पण एकट्या क्लाउडवर विसंबत नाही. सिंक चालू असेल तर फोनवर पुसलेलं तिथूनही जातं. आणि दर वेळी चार-पाच फाइल उघडून बघतो. न उघडलेला बॅकअप म्हणजे न फोडलेला नारळ, आत काय निघेल देव जाणे.

असो. आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तीन मिनिटांचा एक तुकडा तेवढा वाचला. तो आता चार ठिकाणी आहे. त्यात ओवी अर्धीच आहे. मधेच थांबून आजी विचारते, "चालू हाय का रं त्ये?"