राजवस्त्र म्हणजे केवळ मखमल नव्हे

१/४ फेब्रुवारी १६८९. संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज कैद झाले. पुढे बहादूरगडाच्या छावणीत त्यांना विदूषकाचा वेश चढवून, घुंगरांची लाकडी टोपी घालून उंटावरून फिरवण्यात आले. राजाचे वस्त्र हे राजसत्तेचे चिन्ह असते, हे औरंगजेब पुरते जाणून होता.

२/४ आजचे चित्रपटकार मात्र ते जाणत नाहीत. राजा म्हटला की जाड मखमल आणि चकाकती जर! छापील सुती कापड त्यांच्या लेखी सामान्यांचे. हा निव्वळ अज्ञानाचा निवाडा होय.

३/४ त्याच शतकात मछलीपट्टणची चीट गोवळकोंड्याच्या आणि मुघलांच्या दरबारात मानाने वावरत होती. कागदी खाक्यावर सुईने छिद्रे पाडून, कोळशाची पूड फिरवून नक्षी कापडावर उतरे. मग कलमाचे रेखाटन, तुरटीने पक्का केलेला लाल रंग, मेण लावून दिलेली नीळ. या कापडाच्या धास्तीने फ्रान्सने १६८६ मध्ये आपल्या विणकरांसाठी त्यावर बंदी घातली.

४/४ औरंगजेबाने खोटा वेश चढवला तो अपमानासाठी. आजचे लोक चढवतात तो गौरवासाठी. हेतू भिन्न, पण राजा दोन्हीकडे परक्याच वस्त्रांत उभा! गौरव करायचाच असेल, तर आधी समकालीन दख्खनी चित्रे पाहावीत.