एका हाताने पाठवायचं, दुसऱ्या हाताने अडवायचं

मा. अध्यक्ष,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली
यांस,



मी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करतो आणि सकाळी एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. तुमच्या एका नियमाबद्दल लिहितो आहे. त्याची झळ आमच्याकडच्या मोजक्याच मुलामुलींना बसते आणि ती मोजकी आहेत म्हणूनच त्यावर कोणी बोलत नाही.

राज्याचा सामाजिक न्याय विभाग राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातले ७५ विद्यार्थी दरवर्षी. फी, निर्वाह भत्ता, विमानाचं तिकीट, सगळं सरकारकडून. विद्यापीठ कसलंही चालत नाही, क्यूएसची जागतिक क्रमवारी पाहिली जाते. विधी शाखाही त्यात आहे. आता इथून एलएलबी झालेली मुलगी लंडनला एलएलएमला गेली, तर ते एकाच वर्षाचं असणार. ब्रिटनमध्ये ते तसंच असतं. अमेरिकेत तर दोन सत्रांत आटोपतं. परत येऊन तिला आपल्या गावाकडच्या पोरांना शिकवायचं असतं. तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राजपत्रात आलेले तुमचे पदव्युत्तर विधी शिक्षणाचे नियम आडवे येतात. परदेशातलं एका वर्षाचं एलएलएम भारतीय एलएलएमशी समकक्ष धरलं जाईलच असं नाही, असं ते सांगतात. म्हणजे ज्या पदवीचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, तीच पदवी सरकारी अनुदानावरच्या महाविद्यालयात शिकवायला कच्ची!

पळवाट ठेवली आहे, हे मान्य. उत्तम मानांकनाच्या परदेशी विद्यापीठाची पदवी असेल, तर भारतीय विद्यापीठात एक वर्ष अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवावं. मग ती मान्य धरण्याचा विचार होऊ शकतो. साहेब, ही वाट दिल्ली-बंगळुरूला असेलही. बीड, परभणी, धाराशिवच्या विधी महाविद्यालयांत अभ्यागत प्राध्यापक नेमतो कोण? इथे पूर्णवेळ जागाच वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, सगळा गाडा आमच्यासारख्या तासिकावाल्यांवर चालतो. आणि तासिकेलाही नेट-सेट विचारतात. नेटला बसायचं तर परदेशी पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पदवी मान्य झाल्याशिवाय शिकवता येत नाही आणि शिकवल्याशिवाय पदवी मान्य होत नाही. शिवाय 'उत्तम मानांकन' म्हणजे नेमकं काय, हे ठरवणार कोण? महाविद्यालयाचा लिपिक तर नक्कीच ठरवणार नाही. तो फाइल बाजूला ठेवतो.

एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम आणले. इतिहास, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र शिकून येणाऱ्यांची त्यातून सोय होईल. विधी शाखा मात्र, वैद्यक आणि वास्तुशास्त्राबरोबर, त्यातून वगळली. कारण तिच्यासाठी तुमची परिषद आहे. आता हे दार फक्त तुम्हीच उघडू शकता.

आमच्या शहरात नागसेनवन आहे. तिथलं मिलिंद महाविद्यालय ज्यांनी उभं केलं त्या बाबासाहेबांचं कायद्याचं शिक्षण लंडनच्या ग्रेज इनमधलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये ते अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा मदत करणाऱ्यांत शाहू महाराज होते. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते शिकवू लागले आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. भारतीय एलएलएम त्यांच्याकडे नव्हतं. काळ वेगळा होता, नियम वेगळे होते, हे मला कळतं. पण ज्या शाहू महाराजांच्या नावाने आज मुलं पाठवली जातात, त्यांनी मदत केलेल्या माणसाला इथल्या विधी महाविद्यालयाने प्राचार्यांच्या खुर्चीत बसवलं होतं, एवढं तरी लक्षात असू द्यावं.

तुमची भीती मी समजू शकतो. परदेशात एलएलबी नसलेल्यांनाही एलएलएम देणारी विद्यापीठं आहेत. ती पदवी तुम्ही अमान्य केलीत, ते योग्यच केलंत. लंडनला आंतरराष्ट्रीय लवाद शिकून आलेल्याला आमचा १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा ठाऊक नसतो, संरक्षित कूळ कोण हे सांगता येत नाही, खासरा पत्रक वाचता येत नाही. हेही खरं. (इथल्या एलएलएमला तो कायदा कितीजण मनापासून शिकवतात, हा प्रश्न तूर्त सोडून देऊ.) पण एक वर्ष कमी पडतं म्हणावं, तर आपल्याच राष्ट्रीय विधी विद्यापीठांत दशकभराहून अधिक काळ एका वर्षाचं एलएलएम चालू आहे. ते बंद करायची तुमची तरतूद सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०२१-२२ साठी तुम्हीच लांबणीवर टाकलीत.

परक्या पद्धतीत शिकलेल्या वकिलाचं काय करायचं, हा प्रश्न न्यूयॉर्कलाही पडला होता. तिथल्या अपील न्यायालयाचा ५२०.६ क्रमांकाचा नियम आहे. परदेशी पदवीत उणीव असेल, तर अमेरिकेत किमान २४ क्रेडिटचं एलएलएम करा. त्यात व्यावसायिक नीतीची दोन क्रेडिट, कायदेविषयक संशोधन-लेखनाची दोन, अमेरिकी कायदापद्धतीच्या ओळखीची दोन, परीक्षेतल्या विषयांची सहा. मग बारच्या परीक्षेला बसा. नियम कडक आहे, पण जाण्याआधीच वाचता येतो. कुणाच्या मर्जीवर फारसं काही सोडलेलं नाही.

आम्हालाही तेवढंच हवं आहे. एलएलबी भारतातलं, एलएलएम ठरावीक क्रमवारीतल्या परदेशी विद्यापीठाचं, एवढं असेल तर एका सत्राचा पूरक अभ्यासक्रम ठेवा: भारतीय संविधान, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया, संशोधनपद्धती. तो आमच्या कांचनवाडीच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात चालवा, लेखी परीक्षा घ्या, नापास होईल त्याला नापास करा. पास होईल त्याची पदवी नेटसाठी आणि नेमणुकीसाठी समकक्ष धरा. क्रमवारीचा निकष शोधत बसायची गरज नाही. परदेशी पीएचडी असलेल्याला नेटशिवाय सहायक प्राध्यापक होता यावं म्हणून आयोगाने २०१८ मध्येच पहिल्या ५०० विद्यापीठांची अट घातली आहे, तीच घ्या. आणि हे सगळं परिपत्रकात लिहून सामाजिक न्याय विभागाला पाठवा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या जाहिरातीतच ते छापता येईल. लंडनची सत्रं सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. त्याच्या आधी मुलांच्या हातात ते पडायला हवं.

आपला,
संभाजीनगर खंडपीठातील एक वकील