एका ठोंबाची चार रोपे

मुंबईत अंगण हा शब्द पुष्कळांच्या बोलण्यातून गेला आहे. तथापि गिरगावातील जुन्या वाड्या, परळ-लालबागच्या चाळी आणि दादरच्या हिंदू कॉलनीतील इमारती यांच्या कुंपणालगत हातदीड हात रुंदीची मातीची पट्टी अद्याप कोठे कोठे शिल्लक आहे. उन्हाळ्यात तिची धूळ उडते, पावसाळ्यात चिखल होतो, आणि मग बिऱ्हाडकरूंच्या सभेत कोणीतरी सुचवितो की, येथे पेव्हर ब्लॉक बसवून टाकावे. ती सूचना एकदा मान्य झाली म्हणजे गेलेली माती सहसा परत मिळत नाही. हिंदमाताच्या चौकात तुंबणारे पाणी आपल्या पट्टीने ओसरणार नाही, हे खरे; पण निदान आपल्या वाट्याची माती गटारात वाहून जाण्याचे तरी थांबेल.

माती झाकावयास फार खर्च लागतो, ही समजूत चुकीची आहे. वीस फूट लांब व अडीच फूट रुंद अशी पट्टी घेतली, तर फुटाफुटाच्या अंतराने तीत 50 रोपे बसतात. इतकी रोपे रोपवाटिकेतून एकदम आणणे कोणासही जड वाटेल. परंतु भरगच्च वाढलेल्या चार कुंड्या आणून प्रत्येक ठोंबाची चार रोपे केली की 16 होतात, आणि पुढच्या वर्षी तोच प्रयोग केला की 64. म्हणजे दोन पावसाळ्यांत पट्टी भरून वर शेजाऱ्यांस द्यावयास काही उरतात. चोरून आणलेले रोप अधिक जोमाने धरते असे म्हणतात. आम्ही मात्र मागून आणण्याच्या पक्षाचे आहोत.

हे तत्त्व आपल्या घरांत नवे नाही. दूर्वासूक्तात दुर्वेचे वर्णन पेरापेरातून उगवणारी असेच केलेले आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे. दुर्वेची खोडे जमिनीवरून धावतात तशीच जमिनीखालूनही, आणि प्रत्येक पेराशी मूळ व फुटवा निघू शकतो. म्हणून दोनतीन पेरांचे तुकडे ओल्या मातीत दाबले तरी पुरे होतात. गणेशचतुर्थीस दादरच्या फूलबाजारात जुड्यांसाठी गर्दी करणाऱ्यांनी हा विचार अवश्य करावा. मात्र दुर्वेस भरपूर ऊन हवे. पर्जन्यवृक्षाच्या सावलीत ती विरळ होत जाते.

सावलीच्या जागी मोंडो ग्रास किंवा स्पायडर प्लँट लावावा. दुसऱ्याची लोंबती पिले मातीस टेकली की स्वतःच मुळे धरतात. औषधी सफेद मुसळी याच्याच गोत्रातली. तिच्या ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, हे मुलांस सांगितल्यास त्यांना मौज वाटेल. नळाशेजारच्या कायम ओल्या कोपऱ्यात ब्राह्मी आनंदाने पसरते. पावसाळी लिलीचे कांद्यासारखे गड्डे वेगळे करून लावता येतात.

वेळ साधणे मात्र महत्त्वाचे. मृगाच्या पहिल्या सरींस भुलून घाई करू नये; मध्येच पाऊस दडी मारतो आणि कोवळी मुळे वाळतात. आर्द्रा लागून जमीन खोलवर भिजली म्हणजे ढगाळ दिवस पाहून काम काढावे. त्यापूर्वी पट्टीतील लव्हाळा त्याच्या गाठींसकट उपटून टाकावा. वरवर खुरपले तर तो महिन्याभरात नव्या रोपांच्या डोक्यावर उभा राहतो. ठोंब खुरप्याने सभोवार मोकळे करून उचलावे व बादलीत बुडवून माती सैल करावी. हे काम मुलांकडे द्यावे, ती ते हौसेने करतात. मग हातांनीच ठोंब विलग करावे. सुरी अगदी अडेल तेव्हाच घ्यावी. प्रत्येक भागास मुळे व निदान एक जोमदार फुटवा असला पाहिजे. पाने निम्मी छाटावी, कारण तुटलेल्या मुळांना सर्व पानांस पाणी पुरविणे झेपत नाही. छाटताना घरातील वडीलधाऱ्यांना हळहळ वाटते, पण ती मनावर घेऊ नये. रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच लावावे. गाभा मातीत गाडला गेल्यास कुजतो. ओळी समोरासमोर न ठेवता तिरकस ठेवल्या म्हणजे पावसाच्या पाण्यास सरळ वाट मिळत नाही.

एका वनस्पतीविषयी सावध करावेसे वाटते. रस्त्यांच्या दुभाजकांत पिवळ्या फुलांचा वेडेलिया दिसतो. तो लवकर पसरतो म्हणून पुष्कळांस मोह पडतो. मूळचा उष्ण अमेरिकेतील हा वेल जगातील अतिउपद्रवी परक्या जीवांच्या प्रसिद्ध शंभरांच्या यादीत गणला गेला आहे. छाटलेले तुकडे जेथे फेकाल तेथे रुजतात. जे झाड आपण वाटावे तेव्हाच वाढते, ते बरे. जे न विचारता शेजारी जाते, त्यास कुंपणाआत घेऊ नये.

निवड ठरविण्यापूर्वी एक सकाळ भायखळ्यास राणीच्या बागेत घालवावी. 1862 साली खुले झालेले हे उद्यान आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे मोठ्या वृक्षांच्या दाट सावलीखाली काय तग धरते आणि काय धरत नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. येताना पाने खुडू नयेत.

पहिल्या वर्षी रोपांमधील मोकळ्या जागेवर वाळलेला पालापाचोळा बोटभर जाड पसरून ठेवावा, आणि दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा, तर चैत्र-वैशाखात एक दिवसाआड पाणी द्यावे. भाज्या-तांदूळ धुतलेले चालते, साबणाचे नको.