मोहाची बी कच्ची का विकायची?

मोहाचा विषय निघाला की चर्चा दारूवर येऊन थांबते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. फुलांवरून एवढे वाद झाले, पण त्याच झाडाच्या बीकडे कुणी धड पाहिलं नाही. ही बी साबणाचा कच्चा माल आहे.

मार्च-एप्रिलात फुलं वेचून होतात, फळ पिकतं जूनच्या सुमारास. गर वटवाघळं खातात, बिया खाली पडतात. सकाळी बायका त्या वेचून आणतात, टरफल दगडाने फोडतात आणि आतला मगज उन्हात घालतात. त्याचं तेल पिवळसर, थंडीत तुपासारखं थिजणारं. स्वयंपाकात, दिव्यात, टाचांच्या भेगांवर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. उरलेली पेंड पाण्यात घुसळली की फेस धरते. हा फेस सॅपोनिनचा, आणि सॅपोनिन हे नाव लॅटिनमधल्या साबणाच्या शब्दावरून, 'सापो'वरून आलेलं. इंग्रजीतला सोपही त्याच कुळातला. गॉल लोक चरबी आणि राख मिसळून सापो करतात, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच केली होती.

साबणाची रीत आजही तीच आहे: तेल आणि क्षार. खादी ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल आणि साबण हा ग्रामोद्योग मानून मोहासारख्या तेलांना उत्तेजन दिलं होतं. तो धागा गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत पुन्हा धरायला हवा.

तो धरण्याची ताकद गावांनी दाखवलेली आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. त्याआधी याच जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली, तरी बी पोत्यात भरून बाहेर पाठवली तर मोलाची भर दुसऱ्याच्याच पदरात पडते. बांबूसाठी चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं; मोहाच्या बीसाठी तेवढीच आस्था हवी.

अडचणी आहेत. नुसत्या मोहाच्या तेलाचा साबण फेस कमी देतो, त्यात खोबरेल मिसळावं लागतं. अंगाच्या साबणाला सौंदर्यप्रसाधनांचा परवाना आणि तपासणी लागते. एकट्या बचत गटाला हे झेपणारं नाही. ते आदिवासी विकास विभागाने अंगावर घ्यावं. सगळी बी वेचली तर नवी रोपं येणार नाहीत, त्यामुळे किती सोडायची हे ग्रामसभेनेच ठरवावं. आणि सगळ्यात आधी गावागावांत कोरडं गोदाम हवं, तेही जूनच्या आत. बी पावसात भिजली की बुरशी धरते, तेलाची आम्लता वाढते आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो.