माळावरचा पाहुणा आणि गायरानाचे मोल

वारणेच्या खोऱ्यातील कोडोलीसारख्या गावी उसाखालील जमिनीचे मोल सर्व जाणतात. उघड्या माळाची बोळवण मात्र ‘पडीक’ या एका शब्दात होते. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सोन चिखल्या हा टिटवीच्या कुळातील पक्षी. त्याची वीण सैबेरिया व पश्चिम अलास्का येथील वृक्षहीन थंड प्रदेशात होते. जमिनीवरील उथळ खळग्यात मादी बहुधा चार अंडी घालते. तेथील अल्प उन्हाळा सरला की हे पक्षी दक्षिणेची वाट धरतात. अलास्कातील काही थवे न थांबता सुमारे ४,८०० किलोमीटर समुद्र ओलांडून हवाई बेटे गाठतात. सैबेरियातील काही थवे हिवाळ्यासाठी भारतात उतरतात. विणीच्या काळी काळेभोर असणारे पोट तेव्हा फिके होते. पाठीवरील सोनेरी ठिपके तेवढे राहतात.

त्याची चरण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. तो चार पावले धावतो, थबकतो, न्याहाळतो आणि किडा टिपतो. भुंगेरे, अळ्या, गांडुळे हे त्याचे खाद्य. भक्ष्य नजरेने शोधावयाचे आणि शत्रू दुरून ओळखावयाचा, म्हणून त्याला आखूड गवताची कुरणे, नांगरट व ओलसर मोकळी जागा लागते. उंच उसात किंवा दाट झाडीत त्याला थारा नाही.

पाखरासाठी जमीन रिकामी ठेवणे शेतकऱ्यास परवडेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु गुरांनी चरून आखूड राखलेले गवतच या पाहुण्यास मानवते. गायरान टिकले तर गुरांची चराई आणि पक्ष्याचा आसरा, दोन्ही एकाच जमिनीवर साधतात. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखाव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राज्यांना दिले आहेत. गायरान ही साऱ्या गावाची ठेव होय.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वृक्षारोपणासाठी बांध, रस्त्याच्या कडा व शाळेचे आवार निवडावे. गवताचा माळ मोकळा ठेवावा. चराई पाळीपाळीने व्हावी, वणवा लावू नये आणि कीटकनाशक गरजेपुरतेच वापरावे. हजारो कोसांवरून येणाऱ्या पाहुण्यास उतरावयास जागा उरली, तर गावच्या गुरांनाही ती उरेल.